‘श्यामची आई’ कोणाची? कॉपीराइटची तोंडओळख

विषय कायद्याचा आहे म्हणून काही जण वही-पेन सरसावून बसलेले दिसताहेत. कलमांचे आकडे लिहून घेतले नाहीत तरी चालेल, ते नंतर कुठेही सापडतात. मी एका साध्या प्रश्नापासून सुरुवात करते. ‘श्यामची आई’ आज कोणाच्या मालकीची आहे?

(सभागृहातून उत्तरे : ‘साने गुरुजींची’, ‘प्रकाशकाची’, ‘सगळ्यांची’.)

तिन्ही उत्तरं आली, बरं झालं. आता हिशोब करू. साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. ११ जून १९५० ला गुरुजी गेले. आपल्या कायद्यात लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या निधनानंतर साठ वर्षं कॉपीराइट चालतो. ही साठ वर्षं निधनाच्या तारखेपासून मोजायची नाहीत, पुढच्या १ जानेवारीपासून मोजायची. म्हणजे गुरुजींच्या बाबतीत १ जानेवारी १९५१ ते ३१ डिसेंबर २०१०. १ जानेवारी २०११ ला सकाळी हे पुस्तक सगळ्यांचं झालं. आज त्याच्या निरनिराळ्या प्रकाशकांच्या आवृत्त्या दिसतात त्या यामुळेच. त्यात बेकायदा काही नाही.

पण थांबा. १९५३ साली आचार्य अत्र्यांनी ‘श्यामची आई’ चित्रपट काढला, तोच तो राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळवणारा. चित्रपटाला लेखकाच्या आयुष्याशी देणंघेणं नसतं, तो प्रदर्शित झाल्यापासून साठ वर्षं. तो हिशोब २०१३ अखेर संपतो. मग चित्रपटही मोकळा? चित्रपट म्हणून मोकळा. पण त्यातल्या अत्र्यांनी लिहिलेल्या गाण्यांचे शब्द ही स्वतंत्र वाङ्मयकृती आहे. अत्रे १९६९ मध्ये गेले, म्हणजे ते शब्द २०२९ संपेपर्यंत राखीव. संगीत वसंत देसाईंचं, ते १९७५ मध्ये गेले, म्हणून चाली २०३५ अखेरपर्यंत. आणि २०२३ मध्ये याच पुस्तकावर नवा चित्रपट आला, त्याची साठ वर्षं आता कुठे सुरू झाली आहेत. एकच नाव, आणि खाली पाच वेगवेगळे हिशोब.

त्यामुळे ‘अमुक गोष्ट कॉपीराइटमध्ये आहे का’ असा प्रश्न कोणी विचारला की वकील लगेच उलट विचारतो, ‘त्यातलं नेमकं काय?’ तो तुम्हाला टाळत नसतो. गाणं म्हणजे शब्द वेगळे, चाल वेगळी, रेकॉर्डिंग वेगळं. गीता कोणाच्याच मालकीची नाही, पण ‘गीताई’ विनोबांची आहे आणि विनोबा १९८२ मध्ये गेले, म्हणून ती २०४२ संपेपर्यंत राखीव. भाषांतर हीसुद्धा स्वतंत्र कृती असते.

साठ हा आकडा कुठून आला, ते जाता जाता सांगते, कारण त्याचा ‘श्यामची आई’शीही संबंध आहे. १९५७ च्या मूळ कायद्यात पन्नास वर्षं होती. रवींद्रनाथ ठाकूर १९४१ मध्ये गेले, म्हणजे १९९१ संपलं की त्यांचं साहित्य मोकळं होणार होतं. विश्वभारतीची आणि बंगालमधल्या अनेकांची त्याला तयारी नव्हती. म्हणून अगदी शेवटच्या दिवसांत वटहुकूम निघाला, १९९२ मध्ये त्याचा कायदा झाला आणि मुदत दहा वर्षांनी वाढली. वाढवली रवींद्रनाथांसाठी, पण वाढली सगळ्यांचीच. त्यामुळे २००१ मध्ये मोकळी होणारी ‘श्यामची आई’ २०११ पर्यंत थांबली. मला विचाराल तर एका थोर लेखकाकडे बघून सगळ्या देशाची मुदत बदलणं हा काही कायदा करण्याचा बरा मार्ग नव्हे. असो.

आता हा हक्क मिळतो कसा? अर्ज करावा लागत नाही. फी नाही, शिक्का नाही. तुम्ही कविता कागदावर उतरवली, चित्र काढलं, मोबाइलवर चाल रेकॉर्ड केली, त्याच क्षणी हक्क तुमचा. १८८६ चा बर्न करार आहे, भारत त्यात आहे, आणि त्याचा गाभाच हा की निर्मात्याला कुठल्याही सरकारी सोपस्काराची अट घालायची नाही. © हे चिन्ह नसलं तरी हक्क असतोच. नोंदणी ऐच्छिक आहे. दिल्लीत कॉपीराइट कार्यालय आहे, साहित्यकृतीसाठी फी पाचशे रुपये. नोंदणीनं हक्क जन्माला येत नाही, पुरावा तयार होतो, आणि कोर्टात पुरावा फार उपयोगी पडतो. स्वतःलाच रजिस्टर पोस्टानं संहिता पाठवून ते पाकीट न फोडता कपाटात ठेवणारे लोक मला अजून भेटतात. कायद्यात त्या पाकिटाला वेगळं असं काही स्थान नाही. पटकथा लिहिणारे मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे संहिता नोंदवतात, ते त्यापेक्षा कितीतरी बरं. तारखेचा पुरावा तरी राहतो.

पण हक्क कशाला मिळतो? इथे खूप जणांची निराशा होते. कल्पनेला मिळत नाही. मांडणीला मिळतो.

याचा दाखला द्यायचा तर दिल्लीच्या आर. जी. आनंद यांचा खटला. त्यांनी १९५३ च्या सुमारास ‘हम हिंदुस्तानी’ नावाचं नाटक लिहिलं. शेजारी राहणारी एक पंजाबी आणि एक मद्रासी कुटुंबं, मुलामुलीचं प्रेम, आणि प्रांताभिमानामुळे होणारा विरोध. नाटक चाललं. चित्रपटासाठी बोलणी झाली, निर्मात्याकडच्या मंडळींना त्यांनी नाटक ऐकवलं. पुढे काही कळलं नाही. १९५६ मध्ये ‘न्यू दिल्ली’ नावाचा चित्रपट आला, वैजयंतीमाला आणि किशोरकुमारचा. त्यातही पंजाबी-मद्रासी कुटुंबं, तेच प्रेम, तोच विरोध. आनंद कोर्टात गेले. खालच्या कोर्टात हरले, उच्च न्यायालयात हरले आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही हरले.

न्यायालय म्हणालं, प्रांतवाद हा विषय कोणा एकाचा नाही. त्या विषयावर दुसऱ्यानं वेगळे प्रसंग, वेगळी रचना, जास्तीचे धागे घेऊन काही उभं केलं तर ती नक्कल नव्हे. चित्रपटात हुंड्यासारखे विषय होते, ते नाटकात नव्हते. कसोटी अशी ठरली : दोन्ही कृती पाहिलेल्या सामान्य प्रेक्षकाच्या मनावर ‘ही त्याचीच नक्कल आहे’ असा ठसा निःसंशय उमटतो का? आजही आपली कोर्टं या निकालाकडे बोट दाखवतात.

आनंद यांच्याबद्दल मला वाईट वाटतं. आपण वाचून दाखवलेलं नाटक, आणि मग पडद्यावर तेच शेजारी. पण निकाल उलटा लागला असता तर काय झालं असतं याचाही विचार करा. आंतरजातीय प्रेमाची कथा पहिल्यांदा लिहिणाऱ्याकडे मग बाकी सगळ्यांना परवानगी मागायला जावं लागलं असतं. तेव्हा व्यवहारात याचा अर्थ एवढाच घ्या : नुसती कल्पना कोणाला ऐकवायला जाऊ नका. आधी लिहून काढा. सविस्तर, प्रसंगांसकट, संवादांसकट. जितकं जास्त लिहिलेलं, तितकं राखता येणारं.

लिहिण्यावरून बहिणाबाई आठवतात. त्यांना लिहिता येत नव्हतं. जात्यावर, शेतात गाणी रचली. उतरवून घेतली ती मुलानं, सोपानदेवांनी, आणि घरातल्यांनी. मग कवी कोण? कायद्याच्या दृष्टीनंही बहिणाबाईच. लेखणी कोणाच्या हातात होती हे महत्त्वाचं नाही, रचना कोणाची ते महत्त्वाचं. बहिणाबाई डिसेंबर १९५१ मध्ये गेल्या आणि अत्र्यांच्या पुढाकारानं संग्रह १९५२ मध्ये आला. निधनानंतर पहिल्यांदा प्रसिद्ध झालेल्या साहित्याची साठ वर्षं प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून मोजतात. म्हणजे २०१२ अखेरपर्यंत.

भाषणाचंही असंच. मी आत्ता बोलते आहे, कोणीतरी ते रेकॉर्ड करतंय, आणखी कोणीतरी उतरवून काढेल. जाहीर भाषणाचा पहिला मालक भाषण करणारा, असं कायदा स्पष्ट सांगतो. आयोजकांनी म्हणूनच माझ्याकडून चार ओळींचं पत्र घेतलं आहे : व्हिडिओ आणि लेखी रूप संकेतस्थळावर ठेवता येईल, पुस्तक काढायचं तर पुन्हा विचारायचं. चार ओळीच, पण बघा, काय दिलं आणि काय राखलं ते दोन्ही त्यात आहे. आजचा खरा मुद्दा इथूनच सुरू होतो.

कॉपीराइट हा एक हक्क नाही. जुना वाडा डोळ्यांसमोर आणा. ओसरी आहे, माडी आहे, परसू आहे, आड आहे. मालक एक, पण ओसरी एकाला भाड्यानं देता येते, माडी दुसऱ्याला, आणि आडाचं पाणी स्वतःकडे ठेवता येतं. तुमच्या कादंबरीत छापण्याचा हक्क, भाषांतराचा, नाट्यरूपांतराचा, चित्रपटाचा, ऑडिओबुकचा, ई-बुकचा असे निरनिराळे हक्क आहेत. देताना दोन रीती : परवाना देणं म्हणजे भाडेपट्टा, आणि हक्क लिहून देणं म्हणजे खरेदीखत. आणि आपल्याकडे घोटाळा असा की ओसरीचं भाडं घेऊन लोक अख्ख्या वाड्याच्या खरेदीखतावर सही करतात. करारात एक ओळ असते, ‘सर्व हक्क, सर्व माध्यमांत, जगभर, कायमस्वरूपी’. लेखक ती वाचत नाही, कारण पुस्तक निघतंय याचाच आनंद इतका असतो!

कायद्यानं लेखकाला इथे थोडा आधार दिला आहे, तो माहीत असू द्या. हक्क लिहून देण्याचा व्यवहार लेखी आणि सही केलेलाच हवा. फोनवर ‘घ्या, काय हरकत आहे’ म्हटल्यानं मालकी जात नाही. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरायची. प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. समोरच्यानं वर्षभरात त्या हक्काचा वापरच केला नाही तर तो हक्क तुमच्याकडे परत येतो, अर्थात करारात वेगळं लिहिलं नसेल तर. आणि २०१२ च्या दुरुस्तीनं आणखी एक चांगली गोष्ट केली : करार करताना जे माध्यम अस्तित्वातच नव्हतं किंवा व्यापारी वापरात नव्हतं, ते करारात नाव घेऊन सांगितल्याशिवाय दिलं गेलं असं धरायचं नाही. उद्या काय निघेल ते आज कोणाला ठाऊक?

पण नीट ऐका, यातले बरेचसे आधार करार गप्प असेल तिथेच कामाला येतात. करारात ‘कायमस्वरूपी’ असा शब्द असेल आणि खाली तुमची सही असेल, तर पाच वर्षांचा नियम तुमच्या मदतीला येत नाही.

चित्रपटसंगीतात हे दुखणं फार जुनं. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की निर्मात्यानं पैसे देऊन गीतकार-संगीतकाराकडून काम करून घेतलं, आणि करारात वेगळं काही ठरलं नसलं, तर मालक निर्माता. म्हणजे गाणं पुढे चाळीस वर्षं रेडिओवर वाजलं तरी लिहिणाऱ्याचा त्या पैशावर दावा नाही. पस्तीस वर्षं ही स्थिती होती. २०१२ च्या दुरुस्तीनं ती बदलली. जावेद अख्तर तेव्हा राज्यसभेत होते आणि त्यांनी ही बाजू लावून धरली होती. आता चित्रपटगृहातल्या प्रदर्शनाव्यतिरिक्त गाणं इतरत्र वापरलं गेलं की गीतकार-संगीतकाराला रॉयल्टीचा समान वाटा मिळाला पाहिजे, आणि हा वाटा त्यानं निर्मात्याला लिहून दिला तरी ते लिहून देणं चालत नाही. वारसांना किंवा कॉपीराइट संस्थेलाच देता येतो. कायदा इतक्या थराला का गेला? कारण गरजू माणूस सही करतोच, हे संसदेला कळलं.

सही केल्यावरही एक गोष्ट तुमच्याकडे राहते. कलम ५७. आपलं नाव कृतीला असण्याचा हक्क, आणि आपली प्रतिष्ठा जाईल अशी मोडतोड रोखण्याचा हक्क. अमरनाथ सहगल या शिल्पकाराचं ब्राँझचं प्रचंड भित्तिशिल्प दिल्लीच्या विज्ञान भवनात होतं. सरकारनंच करवून घेतलेलं. १९७९ मध्ये नूतनीकरणात ते उखडून गोदामात टाकलं, तुकडे झाले. सरकार म्हणे, वस्तू आमची. दिल्ली उच्च न्यायालयानं २००५ मध्ये सांगितलं की वस्तू तुमची असली तरी कलाकृतीची अशी वासलात लावता येणार नाही. शिल्पाचे अवशेष शिल्पकाराला परत आणि वर पाच लाख रुपये भरपाई.

आता दुसरी बाजू. परवानगीशिवाय काय चालतं? कलम ५२ मध्ये लांबलचक यादी आहे. खाजगी अभ्यास, समीक्षा, बातमी, वर्गातलं शिकवणं, प्रकाशित साहित्यातला वाजवी उतारा जाहीरपणे वाचणं. हौशी मंडळानं तिकीट न लावता नाटक किंवा गाणं सादर करणंही त्यात आहे. राज्य नाट्य स्पर्धेत उतरणाऱ्यांना लेखकाच्या परवानगीपत्राची सवय आहे. ती सवय चांगली आहे, सोडू नका. लग्नाच्या वरातीत आणि लग्नाशी जोडलेल्या समारंभांत गाणी वाजवायलाही सूट आहे. त्याची व्याप्ती किती, यावर मात्र भांडणं चालूच असतात. गोवा सरकारनं जानेवारी २०२४ मध्ये या सवलतीबद्दल परिपत्रक काढलं होतं, ते उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानं त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रद्द केलं. सवलत कायद्यात आहे ती आहेच. परिपत्रकानं ती वाढवता येत नाही. आणि ‘तीस सेकंदांपर्यंत गाणं वापरलं तर चालतं’ हे जे सगळीकडे फिरतं, असा कुठलाही आकडा कायद्यात नाही. किती घेतलं, कशासाठी घेतलं, मूळ कृतीच्या विक्रीवर त्याचा काय परिणाम होईल, हे पाहिलं जातं.

प्रश्न घेऊ.

प्रश्न : आम्ही यूट्यूबवर मराठी कथांचं अभिवाचन करतो. लेखकाचं नाव आवर्जून सांगतो. जाहिरातीचे पैसेही घेत नाही. चालेल का?

नाव सांगता हे उत्तम, पण श्रेय म्हणजे परवानगी नव्हे. शेजाऱ्याची सायकल घेऊन ‘ही त्यांची बरं का’ असं सगळ्यांना सांगत फिरलात, तरी विचारायचं राहिलंच ना? वाजवी उतारा वेगळा, पूर्ण कथा वेगळी. पैसे न घेतल्यानं शिक्षा सौम्य होऊ शकते, उल्लंघन पुसलं जात नाही. गडकरी, केशवसुत, बालकवी, साने गुरुजी, हवं ते वाचा. पु. ल. देशपांडे २००० मध्ये गेले, म्हणजे २०६० संपेपर्यंत विचारूनच. आणि हयात लेखकांना विचारून तर बघा. बहुतेक जण आनंदानं हो म्हणतात. ते हो मेसेजवर तरी लेखी घ्या.

प्रश्न : दिवाळी अंकात दिलेली कथा पुढे माझ्या संग्रहात घेताना संपादकांना विचारावं लागतं?

तुम्ही त्यांच्या नोकरीत नसाल आणि काही लिहून दिलं नसेल, तर मालक तुम्हीच. त्यांना त्या अंकापुरती छापायची परवानगी तुम्ही दिलीत, एवढंच. प्रथम प्रसिद्धीचा उल्लेख करण्याची पद्धत आहे, ती सौजन्याची. गंमत म्हणजे लग्नाच्या फोटोंचं उलट आहे. पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा किंवा पोर्ट्रेटचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, पैसे देणारा असतो. चित्रकार आणि फोटोग्राफर मंडळींनी यासाठी करार आधी करावा.

प्रश्न : आजोबांच्या कवितांची वही सापडली आहे. कधीच छापल्या नव्हत्या. ते १९९० मध्ये गेले. मला छापायच्या आहेत.

वही तुमच्याकडे आहे म्हणून हक्क तुमचा असं नाही. मृत्युपत्र आहे का बघा. त्यात ही वही कोणाला दिलेली असेल तर, उलट काही लिहिलं नसल्यास, अप्रकाशित कवितांचा कॉपीराइटही त्याच माणसाकडे गेला. मृत्युपत्र नसेल तर तो सगळ्या वारसांचा, घरासारखाच. छापल्यानंतर पुढच्या वर्षापासून साठ वर्षं तो चालेल, म्हणजे तुमच्या नातवंडांपर्यंत हा प्रश्न जाणार. तेव्हा प्रकाशकाकडे जाण्याआधी काका, आत्या, चुलतभावंडं, सगळ्यांच्या सह्या एका कागदावर घ्या. आणि वहीचे फोटो आज रात्रीच काढून ठेवा, शाई उडते.